'चला मुसद्दी ऑफिस ऑफिस' : मालिकेवर जीव असलेल्यांना सिनेमा कसा वाटला?

मधली सुट्टी

'चला मुसद्दी ऑफिस ऑफिस' अखेर पाहिला. २०११ साली थेटरात लागला तेव्हा मुद्दामच गेले नव्हते. आवडत्या मालिकेचा सिनेमा निघाला की पोटात गोळा येतो, तसा आला होता.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: 'ऑफिस ऑफिस' सब टीव्हीवर २००१ साली सुरू झाली. मुसद्दीलाल (पंकज कपूर) हा साधा, भिडस्त माणूस दर भागात एखाद्या सरकारी कचेरीत काहीतरी किरकोळ काम घेऊन जातो आणि तिथले लोक त्याला पिळून काढतात. गंमत अशी की कचेरी बदलली तरी माणसं तीच. समोसे हादडणारा भाटिया (मनोज पाहवा), तोंडात पान कोंबलेला शुक्ला (संजय मिश्रा), 'दो बातें' सांगणारा पटेल (देवेन भोजानी), पांडेजी (हेमंत पांडे) आणि 'वो तो है' म्हणत आपल्याच तंद्रीत असलेल्या उषाजी, म्हणजे आपली आसावरी जोशी.

सिनेमात हे सगळेच्या सगळे आहेत. दिग्दर्शकही तोच, राजीव मेहरा. म्हणजे 'यांनी आमचा मुसद्दी बदलला' असं म्हणायलाही जागा नाही. तरीही मी दोन तासांत चार-पाचदाच हसले असेन.

गोष्ट अशी: मुसद्दी आता निवृत्त हेडमास्तर आहे. बायको (फरीदा जलाल) आजारी पडते आणि इस्पितळातल्या भोंगळ कारभारात जाते. मुसद्दी मुलाला घेऊन अस्थिविसर्जनासाठी तीर्थयात्रेला निघतो. परत येतो तर पेन्शन बंद, कारण कागदोपत्री तो स्वतःच मेलेला आहे. आता यापेक्षा मुसद्दीला साजेसा विषय कुठला मिळणार? पण बायकोचं मरण पाहिल्यावर भाटियाच्या समोशाला मला हसूच येईना. उलट त्या माणसाचा राग आला, आणि मालिकेत तो मला कधीच आला नव्हता.

हे फक्त माझंच झालं का?

चहाटळ

थेटरात पाहिला होता. मध्यंतरात समोसा खाल्ला. तेवढ्यापुरता भाटियाशी एकरूप झालो.

निवांत कारकून

मधली सुट्टीताई, मी जरा दुसरी बाजू मांडतो. अडतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला काढली आहेत, त्यामुळे या मालिकेकडे बघण्याची माझी नजर थोडी वेगळी आहे.

सिनेमातला पेन्शनचा भाग मला तरी एक नंबर वाटला. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देणं म्हणजे काय असतं ते पेन्शनरांना विचारा. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आलं, बोटाच्या ठशावर घरबसल्या काम होतं म्हणतात, आणि होतंही. पण म्हातारपणी बोटांच्या रेषा झिजतात, यंत्र ठसा घेत नाही, की परत मुसद्दी उभाच. "आजोबा, तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय हो, पण कागदाला दिसत नाही," हे वाक्य मी स्वतः खिडकीतून बोललेलो आहे, आणि बोलताना मला त्यात काहीही विनोदी वाटलं नव्हतं. नियम तसाच होता. त्या गृहस्थांनी मात्र हसून हात जोडले होते.

मालिका लागायची तेव्हा आमच्या सेक्शनमध्ये एकमेकांना शुक्ला, पटेल म्हणायची पद्धत पडली होती. कुणालाही राग यायचा नाही. शुक्ला आपल्या शेजारच्या टेबलावर बसतो अशीच प्रत्येकाची खात्री होती.

झपताल

सिनेमा पडला हे मान्य, पण बायको मेली म्हणून पडला हे मला पटत नाही. काळा विनोद मरणावर उत्तम चालतो. 'जाने भी दो यारों'मध्ये प्रेताला घेऊन केवढा धुमाकूळ घातलाय, आणि त्यातही पंकज कपूर आहेतच.

माझ्या मते घोळ विसरण्याचा आहे. मालिकेतला मुसद्दी सगळं विसरतो. गेल्या आठवड्यात शुक्लाने त्याला रडवलेलं असतं, तरी या आठवड्यात तो त्याच शुक्लासमोर त्याच भाबड्या विश्वासाने फाइल घेऊन उभा राहतो. आपणही मध्ये सात दिवस जगलेलो असतो, त्यामुळे आपल्याला ते चालून जातं. सगळ्या कचेऱ्यांत तीच पाच माणसं ही कल्पनाच मुळात त्या सात दिवसांच्या फटीवर उभी आहे. 'व्यवस्था सगळीकडे सारखीच' हे कुणीही न बोलता तिथे कळतं.

सिनेमात मध्ये आठवडा नाही. इस्पितळात तेच चेहरे, तीर्थक्षेत्री तेच चेहरे, पेन्शनच्या कचेरीत पुन्हा तेच. मग प्रेक्षक म्हणून माझ्या मनात येतं, अरे, या माणसांनी अर्ध्या तासापूर्वी तुझी बायको मारली, आणि तू यांना नमस्कार काय करतोस? मालिकेत जी युक्ती होती ती इथे वेशभूषा स्पर्धा होऊन बसते. तुम्हाला भाटियाचा राग आला तो यामुळे, ताई. सिनेमाने तुम्हाला विसरायला वेळच दिला नाही.

रेघोट्या

+१. 'सात दिवसांची फट' भारी निरीक्षण.

पण मग आज ज्यांनी यूट्यूबवर सलग दहा-दहा भाग पाहिले त्यांचं काय? मी तशीच पाहिली आहे मालिका, लागायची तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. मला तरी शुक्लाचा कंटाळा आला नाही.

झपताल

@रेघोट्या, चांगला प्रश्न. मला वाटतं तिथे शीर्षकगीत ते काम करतं. ते वाजलं की पाटी कोरी. सिनेमात पाटी पुसायला कुणी येत नाही.

सोनटक्का

मग 'खिचडी' कसा चालला सांगा! १ ऑक्टोबर २०१० ला आला, मी पहिल्याच आठवड्यात पाहिला आणि पोट दुखेस्तोवर हसले. तोही मालिकेचाच सिनेमा, तीच माणसं, लेखक-दिग्दर्शक आतिश कपाडिया.

त्याचं कथानक आठवतंय का? पारेखांच्या घरात राहणारा हंसाचा भाऊ हिमांशू, त्याला अजरामर प्रेमकहाणी हवी असते. शेजारच्या पंजाबी कुटुंबातली परमिंदर (कीर्ती कुल्हारीचा पहिला हिंदी सिनेमा) त्याला आवडते, पण दोन्ही घरं लगेच हो म्हणतात. आता विरोधच नाही तर अजरामर कशी होणार? म्हणून पारेख मंडळी स्वतःच अडथळे निर्माण करतात! म्हणजे सिनेमाला 'गोष्ट' लागते ना, तिचीच त्यांनी टर उडवली. आणि कुणीही शहाणं होत नाही. हंसा पहिल्या रिळातही नवऱ्याला "प्रफुल, ये क्या होता है?" विचारते आणि शेवटच्या रिळातही. तिचे सासरे बाबूजी सुरुवातीला वैतागलेले, शेवटीही वैतागलेले. सिनेमा म्हणून कुणाला बदलायला लावलं नाही, हे त्यांचं शहाणपण.

मुसद्दीला मात्र सिनेमाने मुलगा दिला, दुःख दिलं, लढा दिला. त्या भाबड्या माणसाला हिरो करायला निघाले. तिथेच फसलं.

चहाटळ

आणि २०२३ चा 'खिचडी २'? पांथुकिस्तान नावाच्या काल्पनिक देशातला? तिकडे का नाही बोलत सोनटक्काताई?

सोनटक्का

त्याबद्दल या धाग्यावर मौन पाळण्यात येत आहे.

बरं, बोलते. पारेखांना घराबाहेर काढलं की संपलं. ती माणसं दिवाणखान्यातच वेडी शोभतात. चार भिंती, एक सोफा, त्यावर टेकलेली हंसा. बाहेरच्या जगात मोहिमेवर पाठवलं की त्यांच्या वेडेपणाला टक्कर द्यायला बाबूजी पुरे पडत नाहीत, कारण अख्खं जगच त्यांच्याइतकं वेडं करून ठेवलंय. शहाणा माणूस एक तरी लागतो हो.

सातासमुद्रापार

धागा आवडला. इकडे इंग्लंडमध्ये हा वाद किती कडवा असतो ते सांगतो. तुमच्या दोन्ही उदाहरणांत नट तरी तेच होते. इथे खराखुरा रिमेक झाला, सगळे नवे नट घेऊन.

'डॅड्स आर्मी' ही बीबीसीची मालिका, १९६८ ते १९७७, ८० भाग. दुसऱ्या महायुद्धात जे वयाने किंवा तब्येतीने सैन्यात जाऊ शकत नव्हते अशांची गावोगावी 'होम गार्ड' पथकं होती. त्यातल्या एका काल्पनिक गावातल्या पथकाची ही गंमत. बँकेचा मॅनेजर मेनवरिंग हा कॅप्टन, आणि त्याच्याच बँकेतला, त्याच्यापेक्षा वरच्या घराण्यातला विल्सन त्याचा सार्जंट. अख्खी मालिका या दोघांच्या दबलेल्या कुरघोडीवर चालते. आजही इथे तिचे जुने भाग लागतात आणि लोक बघतात.

तिच्यावर सिनेमे दोन. पहिला १९७१ चा, मालिका चालू असतानाच, मूळ नटसंचासकट. तरी पथकातल्या पाइक नावाच्या पोराच्या आईचं काम करणारी बाई बदलली, तर त्याची कुरकुर चाहते अजून करतात! दुसरा २०१६ चा. टोबी जोन्स मेनवरिंग, बिल नाय विल्सन, वर टॉम कोर्टनी, मायकेल गँबन. एकेक नट असा की नाव ठेवायला जागा नाही. मूळ संचातले इयान लॅव्हेंडर आणि फ्रँक विल्यम्सही छोट्या भूमिकांत दिसतात. आणि तरीही बघताना सारखं वाटत राहतं की हुशार माणसं कुणाची तरी उत्तम नक्कल करताहेत.

मला सगळ्यात खुपलेली गोष्ट ऐका. मालिकेत मेनवरिंगची बायको एलिझाबेथ कधीच दिसत नाही. फोनवर तिचं बोलणं चालू असतं, तिच्या धाकाने तो कावराबावरा होतो, एकदा वरच्या बंकवर झोपलेल्या तिच्या वजनाने खाली आलेला फुगवटा तेवढा दिसतो. बस्स. प्रत्येक प्रेक्षकाने आपापल्या मनात ती रंगवलेली. २०१६ च्या सिनेमाने काय केलं? तिला पडद्यावर आणली! नटीने काम चांगलं केलंय, तिचा दोष नाही. पण इतकी वर्षं लोकांच्या डोक्यात राहणाऱ्या बाईला एक ठरावीक चेहरा चिकटवून टाकला.

दुसरा मुद्दा झपताल यांच्या फटीला जोडून. मूळ मालिका स्टुडिओत प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची. आर्थर लो म्हणजे मूळचा मेनवरिंग वाक्य टाकून थांबायचा, चेहऱ्यावर एकेक भाव उमटू द्यायचा, तोवर लोक हसत राहायचे. त्या थांबण्याला हसणाऱ्यांचा आधार होता. सिनेमाच्या सेटवर हसणारं कुणी नसतं. मग एकतर नट थांबत नाही, किंवा थांबतो आणि पोकळी जाणवते.

रेघोट्या

न दिसणाऱ्या बायकोचा किस्सा जबरदस्त. मालिका शोधून बघणार.

निवांत कारकून

बँकेच्या मॅनेजराला त्याच्याच हाताखालचा माणूस वरचढ, ही गोष्ट कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

जुनं खोड

मंडळी, तुम्ही सगळे अलीकडचं बोलताय. मला १९४० सालाकडे जायचं आहे.

'चिमणराव गुंड्याभाऊ' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. मुंबई दूरदर्शनची कृष्णधवल मालिका, त्या दिवशी रस्ते ओस पडायचे वगैरे आठवणी सगळ्यांच्या आहेतच. पण चि. वि. जोश्यांचे चिमणराव त्याच्या कितीतरी आधी पडद्यावर आले होते. मास्टर विनायकांचा 'लग्न पहावं करून', साल १९४०. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. १९४२ ला 'सरकारी पाहुणे'मध्ये परत तीच जोडी.

म्हणजे ज्या मालिकेला आपण 'मूळ' म्हणून डोक्यावर घेतो, तीच आमच्या वडलांच्या पिढीला रिमेक होती! आमचे वडील टीव्हीसमोर बसून पहिले काही भाग नुसते हूं हूं करत होते. "दामुअण्णांची तिरळी नजर याच्याकडे कुठाय?" हे त्यांचं पालुपद. पुढे प्रभावळकरांनी त्यांनाही जिंकलं, ती गोष्ट वेगळी. आणि त्या मालिकेच्या यशानंतर त्याच जोडीला घेऊन सिनेमाही निघाला. किती जणांना तो आठवतो? मालिका सगळ्यांना आठवते.

माझं म्हणणं एवढंच, की प्रभावळकरांना जिंकायला वेळ मिळाला. दर आठवड्याला माणूस घरी येतो, हळूहळू आपला होतो. नव्या नटाला सिनेमात असा वेळ कोण देतो? पहिल्या पंधरा मिनिटांत पसंत पडला तर पडला, नाहीतर लोक बाहेर येऊन शिव्या घालणार.

झपताल

काका, दंडवत! या बाजूने मी विचारच केला नव्हता. म्हणजे नवा संच घ्यायचाच असेल तर मालिकाच करावी, सिनेमा करायचा तर जुना संचच हवा?

जुनं खोड

नियम करू नका हो. कुणीतरी उद्या येऊन मोडून दाखवेल, आणि मोडावाच.

घडीची पोळी

अवांतर वाटेल, पण 'जिवंतपणी कागदावर मेलेला' यावर बोलायचं आहे. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातले लालबिहारी हे खरेखुरे मुसद्दी. सत्तरच्या दशकात नातेवाइकांनी जमिनीसाठी त्यांना सरकारदप्तरी मृत दाखवलं. १९९४ पर्यंत त्यांनी झगडून स्वतःला जिवंत ठरवून घेतलं. तोवर काय काय केलं! नावापुढे 'मृतक' लावलं, आपल्यासारख्या इतरांना जमवून 'मृतक संघ' काढला, १९८९ ला अमेठीतून राजीव गांधींविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले. का, तर उमेदवार म्हणून तरी नोंद व्हावी. २००३ ला त्यांना इग नोबेल (नोबेलची गंमत करणारं पारितोषिक) मिळालं, तेही शांततेचं.

त्यांच्या आयुष्यावर २०२१ मध्ये 'कागज' आला, सतीश कौशिकांचा, पंकज त्रिपाठीला घेऊन. तो आणि 'चला मुसद्दी' पाठोपाठ पाहिले तर फरक लक्षात येतो. 'कागज'मधला माणूस आपल्याला आधी माहीतच नव्हता. त्याला चिडताना, भाषण करताना, मोर्चा काढताना पाहून 'हा असा नव्हता' असं कुणी म्हणत नाही. मुसद्दीने आवाज चढवला की मात्र आपण दचकतो. तोच विषय, पण ओळखीच्या माणसाचं ओझं फार.

लंगडा ससा

साध्या विनोदी सिनेमाचं इतकं शवविच्छेदन करणारे लोक पाहून थक्क झालो. हसू आलं तर हसा, नाही आलं तर चॅनल बदला. सगळीकडे सिद्धांत!

चहाटळ

ससेभाऊ, शवविच्छेदन होऊ दे की. निदान मृत्यूचा दाखला तरी मिळेल. मुसद्दीला तोही काही न मागता मिळाला होता.

मधली सुट्टी

चहाटळ, हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवते.

सगळ्यांचे आभार, सिनेमापेक्षा धागा जास्त करमणूक करतोय. घडीची पोळी यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला. मी मुसद्दीला ओळखत होते आणि तो अचानक वेगळाच वागायला लागला, हेच मला खटकलं होतं. नीट सांगता येत नव्हतं.

एक गोष्ट मात्र कुणीच काढली नाही म्हणून मीच काढते. राजीव मेहरा आणि पंकज कपूर या जोडीने आधी एक रिमेक झकास जमवून दाखवला होता: 'जबान संभाल के', १९९३. तो इंग्लंडच्या 'माइंड युअर लँग्वेज'वरून उचललेला. पण उचलताना पार उलटा केला. तिकडे परदेशी लोकांना इंग्रजी शिकवणारा मास्तर, इकडे इंजिनीअर होऊन धड नोकरी न मिळाल्याने नाइलाजाने हिंदी शिकवणारा मोहन भारती. वर्गात तमिळ, पंजाबी, गुजराती, इंग्रज असे नाना नमुने. मराठीच्या वाट्याला विजू खोट्यांचा विठ्ठल बापूराव पोटे, आणि वर डोळे वटारायला शुभा खोट्यांच्या मिस दीक्षित. मूळ मालिका न पाहिलेल्याला ती इथलीच वाटावी.

तीच जोडी, एकदा परक्याची मालिका घेऊन मनसोक्त मोडतोड करते आणि मजा आणते. स्वतःच्या मालिकेचा सिनेमा करताना मात्र हात आखडतो. भाटियाचे समोसे हवेत, उषाजींचं 'वो तो है' हवं, सगळं जसंच्या तसं हवं, आणि वर सिनेमाएवढी मोठी गोष्टही हवी. दोन्ही एकदम कसं व्हायचं?

सातासमुद्रापार

'माइंड युअर लँग्वेज' आज इथे कुणी कौतुकाने सांगत नाही, बरं का. परदेशी लोकांची टिंगल म्हणून नाकं मुरडतात. 'जबान संभाल के'मध्ये आपणच आपली टिंगल करतो, त्यामुळे ते पचतं.

लंगडा ससा

पोटे आठवला! बरं झालं आठवण काढलीत. आजच शोधतो.

रेघोट्या

ससेभाऊ चॅनल बदलणार होते ना?

आता खरा प्रश्न. समजा 'ऑफिस ऑफिस' परत करायची ठरलीच, तर मुसद्दी कोण? माझं मत पंकज त्रिपाठी. पण 'कागज' झाल्यामुळे तेच तेच होईल.

सोनटक्का

मुसद्दी बदलूच नये. 'वागले की दुनिया'ने काय केलं बघा. १९८८ ची दूरदर्शनची मालिका, आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतली. २०२१ ला परत आणली तेव्हा नवा श्रीनिवास वागले शोधत बसले नाहीत. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांनाच आजी-आजोबा केलं आणि मधल्या पिढीत सुमीत राघवनला आणला. जुन्यांचं मन राखलं, नव्यांना गोष्ट मिळाली. जुनं खोड काकांचा वेळेचा मुद्दाही त्यात आला, कारण ती परत मालिकाच होती.

तसंच मुसद्दीचं करता येईल. सिनेमात मुलगा बंटी आहेच, गौरव कपूरने केलेला. आता बंटीने वडलांचं काम घेऊन जावं.

निवांत कारकून

कुठे जावं? आता खिडकीच राहिली नाही. सगळं पोर्टलवर. अर्ज भरा, फोटो चढवा, फोटोची साइज जास्त आहे म्हणून परत पाठवणार, कमी केली की फोटो अस्पष्ट आहे म्हणून परत पाठवणार. चिडायला समोर माणूसच नाही.

झपताल

पण हीच तर मालिका आहे! पोर्टल बंद पडलं म्हणून बंटी हेल्पलाइनला फोन लावतो, तर पलीकडे तोंडात पान असलेला आवाज. चॅटवर तक्रार टाकतो, तर उत्तरात 'दो बातें'. शेवटी सेवा केंद्रात जातो, तर यंत्रापुढे बशी घेऊन भाटिया, बोटांना समोशाचं तेल, त्यामुळे ठसाच लागत नाही. आणि हे सगळं दर आठवड्याला एक, बावीस मिनिटं. सिनेमा अजिबात नको.

मधली सुट्टी

मी बघणार! फक्त ओटीपी वेळेत यायला हवा.

चहाटळ

ओटीपी येतोय हो. उषाजींच्या मोबाइलवर.